रशीदभाई आणि खोटी घंटी

रशीदभाई गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही बाळापूरच्या एका कापडवाल्याकडून, साडीची घडी मोडता मोडता. इतक्या उशिरा कळल्याचा राग आला. मग वाटलं, या माणसानं मला कायम चिडायलाच तर लावलं...

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही तिघी ऑपरेटर तीन बोर्डांवर बसायचो, रशीदभाई मेकॅनिक. पलीकडे कुणी फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबरची छोटी झडप पडायची, घंटी वाजायची आणि हातातलं सोडून आम्ही तो फोन घ्यायचो. त्या उन्हाळ्यात माझ्या बोर्डावरची एक झडप उगाच पडू लागली. बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या एका दवाखान्याची. विचारावं तर पलीकडे कुणीच नाही. दुपारची बाजाराची वेळ, खरे कॉल तुंबलेले, आणि मी रिकाम्या तारेशी बोलतेय.

रशीदभाईंनी बोर्ड उघडला, झडप बदलली. तरी ती पडतच राहिली. मग त्यांनी मला वही दिली. "पडली का टाइम लिवा. अन् तवा बाकीच्या दोघी कोनाले घंटी देऊन राहिल्या, तेबी लिवा. आठ दिवस."

"भाई, मी फोन घेऊ की वही भरू?"

"दोनी."

तीन दिवस लिहिलं आणि कंटाळून सोडलं. ते विचारायचे, तेव्हा "चालू आहे" म्हणायची. साहेबही वैतागले होते. झडप दोऱ्यानं बांधून टाका, म्हणाले. रशीदभाई आडवे आले. "घंटी झूट बोलून राहिली म्हणून तिचा गळा दाबाचा काय, साहेब?" पण ते दोन दिवस अमरावतीला सामान आणायला गेले आणि दोरा बांधला गेला. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दुपारी त्या दवाखान्यातली नर्स पाऊण तास हँडल फिरवत होती. बाळंतीण अडलेली, डॉक्टर अकोल्यात. शेवटी तिनं सायकलवरून माणूस धाडला. बाई वाचली. मूल वाचलं नाही.

रशीदभाई परतले, दोरा कापला आणि माझी अर्धवट वही घेऊन स्टुलावर बसले. दर नोंदीत एकच गोष्ट होती: झडप पडली तेव्हा शेजारच्या बोर्डावरून त्याच रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला घंटी दिली जात होती. दोन तारा कुठंतरी एकमेकींना लागत होत्या. लाइनमनला घेऊन ते उन्हात खांबामागून खांब तपासत गेले. एका खांबावरची, तार धरून ठेवणारी चिनी मातीची वाटी फुटून तार सरकली होती. एका दिवसाचं काम. तीन दिवसांच्या नोंदीतच उत्तर होतं. मी वही नुसती दाखवली असती तरी...

"भाई, बोला ना मला काही," मी म्हटलं.

"काय बोलू? मीबी त गेलोच ना अमरावतीले."

त्याचाच मला अजून राग आहे. एकदा ओरडले असते, तर मी सुटले असते.

परवा त्यांच्या घरी गेले. भाभींनी चहा ठेवला. बोलता बोलता बाहेरचं दार वाजलं. त्या उठल्या, उघडून पाहिलं, वारा होता. पुन्हा वाजलं, पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा मी वैतागून म्हटलं, "हवाच आहे, भाभी. कडी घट्ट करून घ्या ना."

"मालूम हाय मले," त्या ओढणी सावरत म्हणाल्या. "पन ते हर बार उठत."

चौथ्यांदा वाजलं, तेव्हा मी उठले.