कल्याणातली गल्ली

आमच्यात जात विचारणं पाप. गळ्यात लिंग बांधलं की मागचं सगळं जळून राख, हे आम्ही राजधानीत, कल्याणात शिकलो. राजाच्या कोपात कल्याण बुडालं, आम्ही जीव मुठीत धरून मलप्रभेच्या काठी आलो, तरी नियम सोडला नाही. जात कुणीच विचारत नाही. फक्त विचारतात, "कल्याणात कुठल्या गल्लीत राहायचात?"

होन्नव्वे माझी शेजारीण. काटक म्हातारी, तोंडाची फटकळ. तिचा बाप कातडी कमवायचा. राजाची माणसं शरणांना, म्हणजे आम्हा लिंग बांधणाऱ्यांना, हुडकत फिरत होती, तेव्हा लोक त्याला म्हणाले, लिंग लपव. त्याने लपवलं नाही आणि भर बाजारात मारला गेला. पुढे होन्नव्वेची लेक बाळंतपणात गेली. मागे उरलेली नात, नागव्वे, आजीनेच वाढवली. तिचं लग्न व्हावं, एवढाच म्हातारीला ध्यास.

पहिलं स्थळ आलं. सगळे एकाच पंगतीत जेवले. मुलाच्या आईने गोड आवाजात गल्ली विचारली.

"तळ्यामागची, चामड्याच्या कुंडांची," होन्नव्वे ताठ मानेने म्हणाली. "माझ्या बापाचं नाव ऐकलं असेल."

"अय्यो, ऐकलंय की! थोर शरण!" बाईने हात जोडले. निरोप काही आला नाही.

दुसरं स्थळही असंच हात जोडून गेलं. मला या हात जोडण्याची शिसारी आली आहे. शिव्या देणारा निदान खरं तरी बोलतो.

तिसऱ्या वेळी मीही तिथे बसलो होतो. "आम्ही काही मानत नाही हो, आपलं सहज विचारते," अशी सुरुवात करून मुलाच्या आईने गल्ली विचारली. म्हातारीने तोंड उघडायच्या आत नागव्वे बोलून गेली, "फुलाऱ्यांची गल्ली."

"आणि पणजोबा कसे गेले?"

"तापाने गेले."

सगळे होन्नव्वेकडे बघू लागले. मला वाटलं, आता ही फाडफाड बोलणार.

"हो," ती म्हणाली. "तापानेच."

लग्न तिथल्या तिथे ठरलं.

पाठवणीच्या दिवशी नागव्वे आजीच्या गळ्यात पडून हमसून रडली. मग हळूच म्हणाली, "अव्वे, माझ्या सासरी येऊ नकोस हं. तुझं तोंड कधी सुटेल, नेम नाही."

"नाही येत गं," होन्नव्वेने तिचे डोळे पुसले.

त्यानंतर म्हातारी बरीच वर्षं जगली. नातीचं सासर नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर होतं. ती कधी गेली नाही, आणि तिकडून कुणी बोलावलंही नाही.