दोन हातांचा वाडगा

आमच्या अड्याळजवळच्या विहारात एका हिवाळ्यात जपानहून काही उपासक आले होते. त्यांतल्या एक बाई आमच्याकडे जेवल्या. मोडकंतोडकं हिंदी बोलायच्या. जाताना त्यांनी स्वतःच्या हातानं घडवलेला मातीचा वाडगा आईला दिला. काळपट हिरवा, काठ जरा वरखाली. बाबा हसून म्हणाले, "वाकडा झाला वाटते." आईनं तो शोकेसमध्ये ठेवून दिला.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला. डाव्या हातानं कपाचा कान धरायला जात, तर चहा सांडे. आई चमच्यानं पाजायला बसली की तोंड फिरवत. पुढे कोणी घरी आलं की "मले नको चहा" म्हणू लागले. चहाचा एवढा शौकीन माणूस.

एका सकाळी मी तो वाडगा काढून धुतला.

"काहून काढला? फुटला तं?" आई म्हणाली.

"फुटला तं फुटला, माय."

अर्धा वाडगा चहा बाबांपुढे ठेवला. त्यांचा उजवा पंजा मी त्याला टेकवला, डावा त्यांनी स्वतःच लावला. जाड भिंतीचा वाडगा, निसटला नाही. ओठांपर्यंत नेता नेता ते थांबले.

"उजव्या हाताले गरम लागून राहिलं," ते म्हणाले.

त्या हाताला काही जाणवतं का, हे व्यायाम शिकवणारा डॉक्टर दर खेपेला विचारायचा आणि बाबा मान हलवून नाही म्हणायचे. आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबांनी चहा संपवला आणि आणखी मागितला.

पुढच्या हिवाळ्यात त्या बाई पुन्हा आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी बाबांचा पंजा उलटसुलट करून पाहिला, बोटं मोजल्यासारखी दाबली. त्यानंतरच्या खेपेला भातासाठी एक पसरट, जड बुडाचा वाडगा घेऊन आल्या. त्यात चमचा फिरवला तरी तो जागचा हलत नाही. बाबा आता वरणभात आपल्या हातानं खातात. शर्टाची बटणं अजून आईच लावते.

मागच्या महिन्यात ते काठी टेकत स्टँडवर गेले, थैलीत चहाचा वाडगा घेऊन. टपरीवाल्यानं विचारलं, "हे काय आणलं, काका?"

"जपानचा आहे," बाबा म्हणाले. "टाक यात चहा. साखर जरा जास्त."