मोटेचे बैल आणि वाळलेला कडुनिंब

नाना गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. गावाने नावं ठेवली. ठेवू देत.

नाना म्हणजे माझे थोरले काका. धरणगावजवळच्या आमच्या मळ्यात विहिरीच्या काठावर एक कडुनिंब वाळला होता आणि तो विहिरीकडेच कलला होता. आत पडला असता तर मोट बंद पडली असती, म्हणून तो ओढून उलट्या बाजूला पाडायचा होता. मी नुकताच पिंपळनेरच्या जंगलात दोन वर्षं लाकूडतोड करून आलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने शिव्या घालून घालून शिकवलं होतं: पडायच्या बाजूला आधी खाच घे, करवत मागून चालव, मधे चार बोटं लाकूड राख. आणि दोर झाडाच्या दुप्पट हवा, म्हणजे ओढणारा झाडाच्या टप्प्यात येत नाही.

नानांनी आणला मोटेचा नाडा. विहिरीच्या खोलीएवढा, म्हणजे झाडाहून आखूड. तो वर फांदीच्या बेचक्यात बांधला आणि दुसऱ्या टोकाला मोटेचेच बैल जुंपले. बैलांपाशी माझा धाकटा भाऊ उभा राहिला. त्याच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

"नाना, दोर आखूड शे. भाऊवर झाड पडी," मी म्हटलं.

"तू जंगलमा दोन वरीस राहिना म्हणीसन माले शिकाडस का? बठ्ठी हयाती मोट हाकामा गई मनी!"

पालथ्या घड्यावर पाणी. नानांनी दोन मुठींच्या करवतीची एक मूठ धरली आणि दुसऱ्या मुठीकडे बोट दाखवलं. मी ती धरली.

खोड कडकडलं. झाड बैलांच्या बाजूला झुकलं आणि ताणलेला नाडा एकदम ढिला पडला. मोटेच्या बैलाला जन्मभर एकच शिकवलेलं असतं: भरली मोट ओढत धावेच्या उतारावरून खाली जायचं, मोट रिकामी होऊन नाडा ढिला पडला की उलट्या पावली मागे यायचं. ते मागे येऊ लागले, थेट झाडाखाली. हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. पण ज्याची हयात त्या धावेवर गेली, त्याच्या तरी ध्यानात यायला नको होतं?

भाऊ पळू शकला असता. तो बैलांच्या मागे जाऊन त्यांना पुढे रेटू लागला. बैल वाचले. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

धुळ्याच्या दवाखान्यात पाय कापला. नाना खाटेपाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, बैलांनी घात केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. शेवटी भाऊच बोलला, "बैलेस्नी काय चूक शे, नाना? जे शिकाडं तेच करं त्यासनी."

मला वाटलं होतं, आता तो माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, तू तर सांगितलं होतंस. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

नानांवरचा राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण तसली करवत एकट्याने चालत नाही. मी माझी मूठ सोडली असती, तर झाड उभंच राहिलं असतं.