टेपमधली शांतता

माझ्या कामात एक नियम पहिल्याच वर्षी शिकवतात. खेळाडूच्या डोक्याला मार लागल्याची शंका आली, की आधी त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं आणि लपवायचं. तपासण्या नंतर. कारण अमेरिकन फुटबॉल खेळणारा वीस वर्षांचा पोरगा अर्धवट शुद्धीतही ‘मी ठीक आहे’ म्हणेल. हेल्मेटशिवाय मात्र त्याला मैदानात पाऊल टाकता येत नाही.

उत्तरेकडच्या एका थंड गावातल्या कॉलेजच्या टीमची मी ट्रेनर. आपल्याकडे क्रिकेट टीमचा फिजिओ असतो, तसंच. नागपूरहून आई फोनवर म्हणते, “एवढं शिकून शेवटी पोरांचे पायच चोळतेस ना?” तिला उत्तर देणं मी कधीच सोडून दिलंय.

मागच्या हंगामात मी एक हेल्मेट काढून घेतलं नाही. पोराला धडक बसली होती. माझ्या सगळ्या प्रश्नांची त्याने बरोबर उत्तरं दिली. हेल्मेट बाकावर त्याच्या शेजारीच होतं. तेवढ्यात दुसऱ्याचा घोटा मुरगळला, मी पट्टी बांधायला वाकले, आणि वर पाहिलं तर बाक रिकामा. पुढच्याच खेळीत त्याला दुसरी धडक बसली आणि तो उठला नाही. वीस हजार माणसं एकदम गप्प झाली. त्या शांततेत चौथ्या रांगेतून त्याच्या आईने त्याला एकदाच हाक मारली. ॲम्ब्युलन्समध्ये तो मला विचारत होता, “आपण जिंकलो का?” सहा वेळा विचारलं. प्रत्येक वेळी मी हो म्हटलं. सातव्यांदा त्याने विचारलं नाही.

तो वाचला. आता घरी असतो, आई त्याला घास भरवते. उन्हाळ्यात भेटायला गेले तेव्हा त्याने मला ओळखलं नाही, पण विचारलं तेच. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. जुन्या कोचने राजीनामा दिला. मी मात्र राहिले, का राहिले ते मला आजही नीट सांगता येत नाही.

नवा कोच आला तो अगदी हळू बोलणारा माणूस. शिट्टी वाजवायचा नाही, ओरडायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने रिकाम्या स्टेडियममध्ये चारी बाजूंनी स्पीकर लावले. दुसऱ्यांच्या मैदानावर प्रेक्षकांचा गोंगाट इतका असतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून सरावातच गर्दीचा आवाज सोडायचा आणि पोरांना खुणांवर खेळायला शिकवायचं. बऱ्याच टीम हे करतात. पण मी तोवर पाहिलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या रिकाम्या बाकांच्या रांगा, त्यांवर पडलेला पालापाचोळा, आणि हजारो माणसांचा आरडाओरडा. बाकं त्या आवाजाने थरथरायची. कितीदा तरी मी मान वळवून पाहिलं, कोणी येऊन बसलंय का.

तिसऱ्या दिवशी तो आवाज मध्येच थांबला. स्पीकर बंद पडल्यासारखा नाही. माणसं श्वास रोखून धरतात, तसा. मला ती शांतता ओळखीची होती. मी चौथ्या रांगेकडे पाहिलं आणि हाकेची वाट पाहत राहिले. हाक यायच्या आतच गर्दी पुन्हा ओरडायला लागली. पोरं खेळतच होती. कोणी थबकलं नव्हतं.

त्यानंतर रोज. मला वाटलं, कोणीतरी मागच्या वर्षीचंच रेकॉर्डिंग लावलंय. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून दोन आठवडे गप्प राहिले. मग न राहवून कोचला विचारलं. तो म्हणाला, “विकत घेतलेला आवाज आहे. दहा मिनिटांची क्लिप, तीच पुन्हा पुन्हा वाजते. मध्ये कुठेच खंड नाही.” आणि फाइल त्याने मला पाठवून दिली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात ती लावली. नवरा पोहे परतत होता.

“अगं, कुठे पॉज आहे? कंटिन्युअस आहे यार,” तो म्हणाला. “तू थोडे दिवस ब्रेक घे ना.”

खरंच, खंड नव्हता. चार वेळा ऐकली. सोमवारी सरावात मात्र शांतता पुन्हा आलीच. मी भ्याले होते, हे कबूल करते. वेड लागतंय याची भीती कमी होती. एखाद्या दिवशी ती हाक येईल, याची जास्त.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो तर पुढचा मोठा सामना मिळणार होता. आमची पोरं ज्याच्या जिवावर इथवर आली होती, तो क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा, शेवटच्या काही मिनिटांत आपटला आणि लगेच उठलाही. मी बाकापाशी एकाची पट्टी बांधत होते. पुन्हा घोटाच. टाइमआउट झाला, पोरं कडेला आली, स्टेडियम नुसतं पेटलं होतं.

आणि आवाज थांबला.

मी वर पाहिलं. वीस हजार तोंडं उघडी होती आणि आवाज नव्हता. क्वार्टरबॅक पाच पावलांवर परत जायला निघाला होता. हनुवटीखालचा पट्टा लावायला त्याची बोटं चाचपडत होती. रोज शंभरदा लावतो तो पट्टा. बटण त्याला सापडत नव्हतं.

पट्टी तशीच लोंबत सोडून मी धावले आणि हेल्मेट त्याच्या डोक्यावरून ओढून काढलं. लपवायला जागा सुचली नाही. पोटाशी घट्ट धरून पाण्याच्या पिंपावर बसले. तेव्हा कुठे आवाज परत आला, आणि तो सगळा माझ्यावर ओरडत होता.

कोच जवळ आला. “खात्री आहे?”

“नाही.”

“तरी?”

“तरी देणार नाही.”

त्याने वळून राखीव खेळाडूला हाक मारली.

आत तपासणीच्या टेबलावर तो पोरगा डोळे मिटून पडला होता. बाहेरचा गोंगाट संपल्यावर त्याने विचारलं, “आपण जिंकलो का?”

“हरलो,” मी म्हटलं, आणि वाट पाहत बसले. एक मिनिट. पाच मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी त्या दुसऱ्या वेळेची वाट पाहत होते.

त्याने डोळे उघडले, मला एक सणसणीत शिवी हासडली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा विचारलं नाही. लक्षात होतं त्याच्या. मी त्याचं हेल्मेट मांडीवर घेऊन तिथेच बसून रडले. पुढे महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि रोज त्याचं ते फुगलेलं तोंड बघून मला घरी जाताना गाणं म्हणावंसं वाटायचं.