रतनभाऊ आणि टरफलांची पोती

शंभरदा सांगितलं होतं भाऊ, ती टरफलं चुलीत घालू नको.

आता तू मेलास. आता मी कोणाशी भांडू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रतनभाऊ माझ्या काकांचा मुलगा. म्हसावदकडचे आम्ही. त्यानेच मला इथे गुजरातमध्ये प्लेटिंगच्या कारखान्यात लावलं. नळाच्या तोट्यांवर चकचकीत थर चढवतो आम्ही.

तोट्या धुतलेलं पाणी हिरवं-पिवळं निघतं. त्यात निकेल, क्रोम. ते शेंगांच्या टरफलांच्या टाकीतून सोडतात. टरफलं धातू धरून ठेवतात, पाणी नितळ निघतं.

पाहुणे येतात. "एकदम नॅचरल" म्हणतात. पाण्याचे फोटो काढतात.

टरफलांचा फोटो कोणी काढत नाही.

विष पाण्यातून निघालं म्हणजे संपलं का? ते टरफलांत जाऊन बसलं. ती टरफलं विषारी कचऱ्याच्या वेगळ्या गाडीने पाठवायची असतात. शेठ गाडीचं भाडं वाचवायचा. "ले जा रतन, जलाने के काम आएगा."

आणि हा न्यायचा. खोलीवर त्यावरच भाकरी.

"भाऊ, त्यामा धातू शे."

"शेंगास्ना टरफलं शेतस रे. झाडनी चीज. काय व्हई?"

"धूर छातीमा जास ना."

"आठवीमा शाळा सोडी तुन्ही, आते माले शिकाडी ऱ्हायना?"

डॉक्टर म्हणाला, फुफ्फुसं गेली. त्या धुराने का, विचारलं. त्याने पुढचा पेशंट बोलावला.

शेठने हार मात्र मोठा पाठवला.

गावी अग्नी देऊन मी परत कामावर आलो. काल वहिनीचा फोन. उद्या उत्तरकार्य.

"लाकडं नही शेतस. पन तुन्हा भाऊनी दिवाईले आनेल चार पोता पडेल शेतस. त्यावरच गावना सयपाक व्हई जाई."

मी वहिनीवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडायला लागली. तिला वाटलं, त्याने घरासाठी आणलेल्या वस्तूला मी नावं ठेवतोय. फोन कट.

गावातल्या मित्रांनो, वाचताय ना? लाईक नको. आत्ता आमच्या घरी जा.

पोती पेटवू नका. शेतात टाकू नका. प्लास्टिकमध्ये बांधून कोरड्यात ठेवा, पोरांना हात लावू देऊ नका. मी येऊन उचलतो आणि शेठच्या केबिनमध्ये नेऊन ठेवतो. मग काढू दे पाहुण्यांना फोटो.

भाऊ, आजही रागावूनच बोललो. नीट जा.

वहिनी, लाकडाला आणि गॅसच्या टाकीला तीन हजार दोनशे पाठवतोय.