घड्याळात वाजलेला धवला

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी एका दहाव्याला डीजेचं गाणं वाजवलेलं आहे.

कामतघरच्या तलावावर, सकाळी साडेआठला. ओळखीतल्या एका आजोबांचा पिंड ठेवलेला, पन्नास माणसं श्वास रोखून कावळ्याकडे बघत बसलेली... आणि माझ्या मनगटातून एकदम धडाड्धूम! मुलीने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं होतं. शर्टाची बाही सारखी करताना कुठेतरी बोट लागलं असावं. घड्याळाला स्वतःचा स्पीकर असतो हे मला त्या क्षणी कळलं. बंद करायला गेलो तर आवाज वाढला. शेवटी हात पाठीमागे घेऊन, मनगट कमरेत दाबून मी तसाच उभा राहिलो, म्हणजे गाणं आता माझ्या पार्श्वभागातून येत होतं. आजोबांचे धाकटे भाऊ म्हणाले, "वाजू दे रं, त्याला बी आवडायचा डीजे. पन कावला उडाला ना आमचा!"

तर माझं आणि यंत्राचं नातं हे असं आहे. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यात पहिला संशय माझ्या बोटांवरच घ्यावा. मीही तोच घेतला होता.

बाकी अमानवीय वगैरे गोष्टींशी माझा संबंध फक्त थट्टेपुरता. मी पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच सुपरवायझर आहे. ज्या जमिनीवर माझ्या आजोबांनी भात लावला तिथेच कुठेतरी आता मी खोकी मोजतो. ज्या खोक्यावर बारकोड नाही ते आमच्या लेखी अस्तित्वातच नसतं, आणि भुतांबद्दलही माझं मत साधारण तेच. मागे एका वॉचमनने चार नंबरच्या शेडमध्ये पांढऱ्या साडीतली बाई बघितली म्हणून गोंधळ घातला, तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "गेटपास था क्या उसके पास?" सगळे हसले. मीच सगळ्यात जास्त.

दहाव्याच्या प्रकारानंतर नेहा — माझी मुलगी, लग्नानंतर पुण्याला असते — दोन दिवस आली होती. तिने घड्याळ ताब्यात घेतलं, बिनवायरचे इअरफोन थेट घड्याळालाच जोडून दिले आणि माझ्या आवडीची चौदा जुनी गाणी त्यात भरली. "बाबा, फोन घरी ठेवायचा. फक्त घड्याळ आणि हे कानात. आणि दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. प्लीज." मी लावला नाही. रोज सकाळी साडेसहाला तलावाला तीन फेऱ्या आणि तीच चौदा गाणी त्याच क्रमाने. कुठल्या झाडाखाली कुठलं कडवं येतं तेही पाठ झालं होतं.

डिसेंबरमधला मंगळवार. दुसरी फेरी. तिसरं गाणं संपलं. चौथ्याच्या सुरुवातीला व्हायोलिन आहेत, ती आलीच नाहीत. नुसती खरखर आली. मला वाटलं, पलीकडच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा आवाज असेल. मग त्या खरखरीतून एका बाईचा आवाज आला. वाद्य नाही, ठेका नाही. म्हातारा, सानुनासिक, पण एकदम पक्का.

गावदेवी माय गो, हलदीला ये गो ये...

तो आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? हिराआत्या! माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पडघ्याहून आत एका गावात दिलेली. आता एकटीच असते. ती धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव, हळद, देवांना नि पितरांना आवतण, सगळं ती गाऊन लावते. त्या गाण्याला धवला म्हणायचं. देवांच्या नावांमध्ये घरच्या माणसांचीही नावं गुंफायची असतात, त्यामुळे प्रत्येक लग्नाचा धवला वेगळा. माझ्या लग्नात आत्या तीन तास गात होती.

मला गंमत वाटली. म्हटलं, नेहाने कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलं असेल, तेही भरलं यात. मी खुशीत चालत राहिलो. आणि मग पुढची ओळ आली —

नेहाबायचे हलदीला ये गो ये...

मी जागच्या जागी थांबलो. मागून येणारे एक गृहस्थ मला धडकले, काहीतरी पुटपुटून पुढे गेले. गाणंही तेवढ्यात थांबलं आणि पाचवं सुरू झालं, नेहमीसारखं.

माझे पाय का थांबले ते आता सांगायला हवं. नेहाच्या हळदीत धवला झालाच नव्हता.

लग्न मे महिन्यात झालं. जावई ठाण्याचे, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहणारे, इंग्रजीत हसणारे लोक. हळदीला लॉन घेतलेलं, एलईडीची भिंत, डीजे. आत्याला मी दोन महिने आधीच सांगितलं होतं — धवला तूच म्हणायचास, गाडी पाठवतो. पण हळदीच्या आदल्या दिवशी लॉनवर गेलो, ती भिंत बघितली, आणि माझ्या डोळ्यांसमोर आलं की याच्यापुढे आत्या पाटावर बसलीय, तोंडात तंबाखूची मशेरी, आणि दोन तास गातेय... आणि व्याही मंडळी मोबाइलवर व्हिडिओ काढतायत. कशासाठी काढतायत तेही मला दिसलं. मी ड्रायव्हरला सांगितलं, पडघ्याला जाऊ नकोस. आणि घरी बायकोला सांगितलं, "आत्याचा घसा बसलाय, नाही येत म्हणाली." नेहालाही तेच. आत्याला काहीच नाही. फोनसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी लग्नालाही ती आली नाही, आणि मला — लिहायला हात जड होतोय — मला हायसं वाटलं.

हे तोपर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पुन्हा गेलो. तिसरं गाणं संपलं. व्हायोलिन नाहीत. खरखर. आणि धवला आदल्या दिवशी जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू. मी तलावाच्या कठड्यावर बसून घेतलं. एका देवीला बोलावलं, दुसऱ्या देवाला बोलावलं, माझ्या आई-वडिलांना नावं घेऊन बोलावलं. मधेच गाणं थांबलं आणि आत्या कुणावर तरी खेकसली, "हाड! हाड, मेल्या!" आणि पुन्हा त्याच सुरात पुढे. मला हसू आलं. ते तोंडावरून उतरायच्या आत पुढची ओळ आली —

इहिन वंदना गो, मांडवान ये गो ये...

माझ्या विहीणबाईंचं नाव रंजना आहे.

लग्नाच्या आठवडाभर आधी आत्याचा फोन आला होता. मी गोडाऊनमध्ये, दोन ट्रक लागलेले. "पक्या, इहिनीचा नाव सांग, धवल्यान घालायचा हाय." मला ऐन वेळी नाव आठवेना. समोरच्या पावतीवर कुणाची तरी सही होती ते नाव ठोकून दिलं. वंदना. त्या चुकीची खबर जगात फक्त मला होती. आत्याला तर ती चूक आहे हेही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ते कधीच वाजलं नाही. त्याच संध्याकाळी नेहाला फोन केला. तिने जे जे बघायला सांगितलं ते सगळं बघितलं. चौदा गाणी. ना पंधरावं, ना कुठलं रेकॉर्डिंग. "बाबा, या घड्याळात सिम नाही, फोन तुमचा घरी होता. बाहेरून काही येऊच शकत नाही. काय ऐकलंत पण तुम्ही?" मी म्हटलं, काही नाही गं, खरखर येत होती. म्हणजे आणखी एक खोटं. एव्हाना हात बसला होता.

रविवारी बायकोला "गोडाऊनला जाऊन येतो" सांगून (हो, तिसरं) पडघ्याला गेलो.

आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. "कोन, पक्या? आज क्याला वाट चुकलास? सुनेला न्हाय आनली?" तिने आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. मग तीच म्हणाली, "त्या दिसाला गाडी बिघडली का रं तुजी?"

बघा, सात महिने झाले होते, आणि तिने माझ्यासाठी कारणसुद्धा स्वतःच शोधून ठेवलं होतं. मी नुसता हुंकार भरला.

"मना वाटलाच. सकालपासून लुगडा नेसून ओट्यावर बसली मी. येल होत गेली. मंग बोल्ली, पक्याची गाडी बिघडली, पन पोरीची हलद थोडीच थांबनार हाय? द्येवांना आवतान कोन करील? मंग हितंच बसली चुलीम्होरं नि सगला म्हनला."

"सगळा?"

"मंग? आर्दा म्हनतान का कुठं?"

"कोणी... कोणी ऐकला?"

"कोन ऐकनार? दारान म्हस होती, तिना ऐकला. नि त्यो मेला कुत्रा मधीच आत शिरला. त्याला हाड हाड करून हाकलला, नि परत थितूनच उचालला." ती तांदळातला खडा शोधत होती. "इहिनीचा नाव वंदनाच ना रं? तू सांगलास तोच घेतला मी."

मी म्हटलं, "रंजना हाय, आत्या. मी चुकीचा सांगला."

तिने वर बघितलं. "आं? जल्ला मेला! म्हंजे मी कोनाच्या आयशीला हलदीला बोलावून बसली?" आणि हसत सुटली. खोकला येईपर्यंत हसली. मीही हसलो. मग मला वाटलं, आता दाखवावंच. घड्याळ चालू करून एक इअरफोन तिच्या कानात घातला, तिसरं गाणं संपेपर्यंत थांबलो. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ह्यो बाप्या कोन रडतंय?" व्हायोलिनसकट चौथं गाणं लागलं होतं.

मी इअरफोन काढून घेतला. ती म्हणाली, "तवापासून म्हनला न्हाय मी धवला. दोन लग्नांना बोलावना आयला, न्हाय गेली. बोल्ली, आपल्या भावाच्या घरचा लगीन चुकला, आथा दुसऱ्यांची कनाला?"

तेव्हा मला ते गिळता आलं नाही. मी म्हटलं, "गाडी बिघडली नव्हती, आत्या. मीच नाही पाठवली. मला... ठाण्याच्या लोकांसमोर मला लाज वाटली."

तांदळातला हात थांबला. ती रागावेल, निदान एक शिवी तरी देईल, असं मला वाटत होतं. शिवी मिळाली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मना सांगायचास ना रं. मी मागं बसली आसती मांडवान. न्हाय गायली आसती."

आणि चहा टाकायला उठली.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, तिथे पाटावर बसून काय झालो ते लिहीत नाही. चहा प्यायलो. निघताना पाया पडलो तर तिने डोक्यावर हात ठेवला. पुन्हा कधी गाशील का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

ज्यांनी खुलासा शोधायचा त्यांनी शोधावा. एका मोबाइलवाल्याने सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी ब्लूटूथ घुसलं असेल. मी विचारलं, सात महिन्यांपूर्वीचं? चुलीसमोरचं, म्हशीने ऐकलेलं? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मनाचे खेळ म्हणावेत, तर तो कुत्रा माझ्या मनात कुठून शिरला? मला खरंच माहीत नाही.

त्या रविवारी पडघ्याहून आलो आणि बायकोला सगळं सांगितलं — घड्याळ, कुत्रा, वंदना, ड्रायव्हर, सगळं. मंदा ठाण्याच्या शिक्षकाची मुलगी, तोलून मापून बोलणारी. ती मटार सोलत होती, शेवटपर्यंत सोलतच राहिली. मी म्हटलं, "मी तुझ्याशी खोटं बोललो. आत्याचा घसा बसला नव्हता."

"माहितीय मला," ती म्हणाली. "हळदीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन केला होता, गाडी किती वाजता येते विचारायला. आवाज खणखणीत होता."

"मग तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

तिने मटारचं भांडं बाजूला ठेवलं.

"कारण मलाही त्या नकोच होत्या, अहो."