अनुसया हेडाऊ आणि सहाशे धागे

नाव: श्रीमती अनुसया नत्थूजी हेडाऊ. वय: चौपन्न. शिक्षण: इयत्ता सातवीपर्यंत. पद: लिनन रूम पर्यवेक्षक (कंत्राटी). ओळखखूण: उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांची टोके घासलेली, त्यामुळे हजेरीचे यंत्र ठसा स्वीकारत नाही; सबब वेगळे रजिस्टर. विशेष जबाबदारी: चादरी खरेदीच्या तांत्रिक समितीवर 'विषयतज्ज्ञ' म्हणून नेमणूक, एका बैठकीपुरती.

हे सगळं नागपुरात मिहानच्या रस्त्यावरच्या एका साठ खोल्यांच्या हॉटेलच्या फायलीत आहे. अनुसयाने ती फाईल वाचलेली नाही. फायलीत तिच्या बोटांबद्दल लिहिलंय ते मात्र खरं आहे. गोळीबार चौकातल्या माहेरी चार हातमाग होते. सहाव्या वर्षापासून ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची, आणि पहाटे गल्लीत उभ्या धाग्यांचा ताणा पसरून त्याला भाताची खळ लावायचं काम चालायचं तेव्हा तुटलेला धागा शोधून जोडायची. हजार धाग्यांत तुटलेला एक. पुढे माग गेले. नवरा नत्थूजी मौद्याला वीज केंद्रात सुरक्षारक्षक झाला, अनुसया हॉटेलात चादरी मोजायला लागली. बोटं तेवढी विणकराचीच राहिली.

समितीची गरज पडली ती दुर्गेशमुळे. सीताबर्डीवर त्याचं चादरींचं दुकान, आणि जीभ दुकानापेक्षा मोठी. त्याने योजना मांडली: सहाशे धाग्यांची चकचकीत चादर, दर वर्षी नवा संच, आणि धुणं-इस्त्री सगळं त्याच्याकडे. मॅनेजर अभिजीतला योजना इतकी पटली की त्याने लिनन रूमच्या जागी जिम काढायचं ठरवूनही टाकलं. लिनन रूम म्हणजे अनुसया, वंदना आणि आणखी दोघी. नियमाप्रमाणे कागदावर विषयतज्ज्ञाची सही हवी होती. हॉटेलात चादरीतलं कळणारी एकच व्यक्ती होती. अशा रीतीने अनुसयाला स्वतःची नोकरी घालवण्याच्या कागदावर सही करण्याचा मान मिळाला.

"काहून वं, करतं का सही?" नत्थूजीने जेवताना विचारलं.

"कापड चांगलं असंल त करीन."

"अन् मंग घरी बसशीन?"

"कापडाले काय माहीत मी कुठं बसतो?"

नत्थूजीने भाकरीचा तुकडा मोडला आणि विषयही. तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं.

नियमाप्रमाणे चार नमुने हवे होते. आले तीन. चौथा कुठूनसा आला. कुठून, ते कुणी विचारलं नाही. अनुसयाने तर मुद्दाम विचारलं नाही. तिच्या बापाची रीत होती की कापड कुणाचं ते आधी ऐकायचं नाही. नाव कानात गेलं की बोट खोटं बोलायला लागतं. तिने वंदनाकडून चारही चादरींच्या चिठ्ठ्या कापून घेतल्या आणि कोपऱ्यात दोऱ्याच्या गाठी मारायला लावल्या. एक गाठ, दोन, तीन, चार. चिठ्ठ्या, मागे गाठींचा आकडा लिहून, वंदनाच्या डब्यात गेल्या.

मग तिने चारही चादरी रात्रभर पाण्यात घातल्या, सकाळी पिळून वाळवल्या आणि इस्त्री न करता बैठकीच्या टेबलावर ठेवल्या.

अभिजीत हादरला. "अनुसयाबाई, मालकीणबाई येताहेत! हे काय चुरगाळून आणलंय?"

"साहेब, नवं कापड खळ पिऊन ताठ उभं राहते. पाणी दाखवलं की खरं बोलते."

मालकीण शोभाताई आल्या, दुर्गेश आला. त्याने चुरगळलेल्या ढिगाकडे पाहिलं आणि हसला. "काकू, ये क्या, पोतेरं करून टाकलं?"

"तुमी बसा न भाऊ."

तिने पहिली गाठ उचलली. उजेडापुढे धरली, अंगठ्याने घासली, बाजूला ठेवली. आखूड तंतूचा कापूस, आताच लव सुटून राहिली होती. चौथीत सूत जाड-बारीक. तिसरी मऊ, लोण्यासारखी, खिडकीतल्या उजेडात चमकणारी. शोभाताईंचा हात आपसूक तिच्याकडे गेला.

"हीच ती सहाशेवाली," अभिजीत म्हणाला.

"नाव नका सांगू म्हटलं होतं," अनुसया म्हणाली, पण फार मनावर घेतलं नाही. तिने पदराची टाचणी काढली, पट्टीने अर्धा इंच आखला आणि धागे मोजायला लागली. समिती बघत राहिली. चहा आला, गार झाला.

"अर्ध्या इंचात उभे अठ्ठावन्न, आडवे बेचाळीस. म्हणजे इंचाले दोनशे."

"सहाशे आहेत," दुर्गेश म्हणाला. "कंपनीचं सर्टिफिकेट आहे."

अनुसयाने एक धागा उपसला आणि टाचणीने उकलला. एकाचे तीन पदर झाले. "तुमी हे तीन मोजले. वेणीत तीन पेड असतात म्हणून बाईले तीन वेण्या नसतात, भाऊ."

शोभाताईंचा हात नकळत आपल्या वेणीकडे गेला.

"अन् वीण पाहा. धागा चारावरून उडी मारते अन् एकाखाली जाते. म्हणून चमकते. त्या उडीत कोणाचं नख अडकलं की गेली चादर. शिवाय उन्हाळ्यात अंगाले चिकटंल."

मग तिने दुसरी गाठ पुढे केली. चमक नाही, नखरा नाही. एक धागा वर, एक खाली, सगळीकडे तेच. दोन्ही दिशांनी सारखं, पिळदार, एकपदरी सूत. तिने चादर झटकली तेव्हा ती कोऱ्या कागदासारखी वाजली. खळ गेल्यावरही वाजली.

"इंग्रजीत याला पर्केल म्हणतात," अभिजीतने समितीच्या माहितीसाठी सांगितलं.

"आमी एक-आड-एक म्हणतो. नागपुरात हीच पाहिजे. गार राहते, अन् जितकी धुवाल तितकी चांगली होते. माही सही हिच्यावर."

वंदनाने डबा उघडला, गाठी पाहिल्या, चिठ्ठी वाचली आणि अनुसयाकडे अशी पाहत राहिली जशी ती घरी कधी दूध उतू गेल्यावर पाहत असेल.

दुसरी गाठही दुर्गेशचीच होती. नमुन्यांची संख्या भरावी म्हणून त्याने आपल्याच दुकानातली एक स्वस्त चादर टाकली होती.

"मग प्रश्नच मिटला!" अभिजीत उठूनच उभा राहिला. "विषयतज्ज्ञांनीच दुर्गेशजींना निवडलंय. योजना तीच, फक्त चादर ही."

अनुसयाच्या हातातली टाचणी हातातच राहिली. नाव विचारलं असतं तर निदान कळलं असतं आपण कुणाच्या घरात पाणी भरतोय. पण बोटाने सांगितलं ते सांगितलं. तिने चादरीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"कागद द्या," ती म्हणाली.

दुर्गेशच मधे पडला. "नाही नाही, ही योजनेत नाही बसत."

"का?" शोभाताईंनी विचारलं.

"मॅडम, दर वर्षी नवा संच आहे न आपला. आता ही..." त्याने चादरीकडे रागाने पाहिलं. "ही चार-चार वर्षं फाटतच नाही! हिच्यात योजना कशी चालंल?"

दुर्गेशला आपण काय बोललो ते सगळ्यांत शेवटी कळलं.

"मग योजना राहू द्या," शोभाताई म्हणाल्या. "चादरी विकत द्या. दोनशे. धुणं आमच्याकडेच होईल. अभिजीत, जिम गच्चीवर काढा."

अनुसयाने सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

अहवालात नोंद आहे: 'समितीने सखोल तांत्रिक विश्लेषणाअंती शंभर टक्के सुती, साध्या विणीच्या वस्त्राची शिफारस केली असून, सदर कार्याचे महत्त्व लक्षात घेता लिनन रूमचे नामकरण "वस्त्र गुणवत्ता नियंत्रण कक्ष" असे करण्यात येत आहे.' पितळी पाटी पुढच्याच आठवड्यात लागली.

कक्षात पंखा अजूनही नाही.